शेतात वरून काही पडलं तर काय करायचं: मिलिटरी यायच्या आधीचा अर्धा तास

मामाचा मळा दिंडोरी तालुक्यात आहे, द्राक्षाचा. जानेवारीतली गोष्ट, सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी, मामा रोजच्यासारखा ओळीतून चक्कर मारत होता तर सातव्या ओळीत मांडवाच्या तारेला एक पांढरा डबा लोंबकळताना दिसला. थर्मोकोलसारखा, दोन्ही हातात मावेल एवढा, वर छोटी नारिंगी छत्री, छत्रीच्या दोरीला फाटक्या रबराच्या चिंध्या आणि डब्यातून बाहेर आलेली एक बारीक चंदेरी पट्टी. मामा फोन आणायला घरात गेला तेवढ्यात मामेभावाने तो डबा तोडून ओट्यावर आणला, फोडला आणि आतली बॅटरी काढून बसला. आठ वाजेपर्यंत शिवारातली चाळीसेक माणसं जमली होती, कोणी म्हणे ड्रोन, कोणी म्हणे पाकिस्तानचा, एक जण तर छातीठोकपणे उडती तबकडी म्हणत होता आणि त्याचंच सगळे ऐकत होते.

तेव्हापासून ओळखीतल्या कोणाला असं काही सापडलं की मला फोन येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. यात एकच गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. वस्तू तुमची नाही, ती जाणारच. पोलिस नेतील, आर्मी नेईल, एअरफोर्स नेईल, इस्रोवाले येऊन नेतील, आणि नेल्यावर तुम्हाला फारसं कोणी काही सांगणार नाही. तुमच्या हातात असतो तो फक्त पहिला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही जे बघून, मोजून, लिहून ठेवाल तेवढंच तुमच्याकडे उरतं.

सगळ्यात आधी हात लावू नका. हे सगळेच सांगतात आणि कोणीच ऐकत नाही, त्यामुळे नाशिककरांनी का ऐकायचं ते सांगतो. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, त्याची फायरिंग रेंज आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं शिकवतात, ओझरला एचएएल आहे जिथे सुखोई तयार होतात आणि शेजारी एअरफोर्सचा विमानं दुरुस्त करायचा डेपो आहे. म्हणजे नाशिक जिल्ह्यात अनोळखी धातूचा तुकडा दिसला तर तो परग्रहावरून यायच्या कितीतरी आधी देवळालीहून किंवा ओझरहून आलेला असू शकतो. रेंजच्या बाजूला सापडलेलं लांबट, गंजलेलं, टोकदार काही असेल तर तो न फुटलेला गोळा समजा. तो वीस वर्षं मातीत पडून असला तरी मेलेला नसतो, आणि भंगारात पितळ-तांब्याला भाव येतो म्हणून असले गोळे ठोकायला बसणारे आपल्याकडे कमी नाहीत. ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने मागे या, उगाच दुसरीकडून वळसा घालू नका, शंभर-दोनशे मीटर लांब उभे राहा.

विमानाचंही तेच. २७ जून २०१८ ला पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशी शिवारात सुखोई पडलं, नंतर ४ जून २०२४ ला, म्हणजे बरोबर लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफाड तालुक्यात शिरसगावला दुसरं पडलं. दोन्ही वेळा पायलट बाहेर पडले आणि वाचले. असं विमान पडलं की अर्ध्या तासात पोरं मोबाईल घेऊन तुकड्यांच्या मधे उभी असतात, आणि त्यांना माहीत नसतं की इजेक्शन सीटमध्ये स्फोटक कार्ट्रिज असतात, त्यातलं एखादं न उडालेलं राहिलेलं असू शकतं, आणि जळलेल्या कार्बन फायबरचे बारीक तंतू हवेतून फुफ्फुसात जातात. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं नाही. लांब राहणं हाच उपाय.

आता खरोखरच अंतराळातून पडलेलं काही असेल तर? तिथे वास महत्त्वाचा. रॉकेट आणि सॅटेलाईटमध्ये हायड्राझिन नावाचं इंधन वापरतात, त्याला अमोनियासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि ते भयंकर विषारी असतं. असा वास आला, सूं सूं आवाज आला, धूर दिसला की वारा कुठून येतोय ते बघा, मूठभर माती उडवून बघितलं तरी कळतं, आणि वारा तुमच्या पाठीवर येऊन वस्तूकडे जाईल अशा बाजूला उभे राहा. आणि वास घ्यायला म्हणून मुद्दाम जवळ जाऊ नका, हे लिहावं लागतंय कारण एकाने मला विचारलं होतं. बैल, शेरडं, कुत्री बांधून टाका. कुत्रं सगळ्यात आधी जाऊन चाटतं.

मग फोटो. इथे लोक हमखास चुकतात, कारण सगळे वस्तूचा जवळून फोटो काढतात, तो व्हॉट्सॅपवर जातो, आणि बघणाऱ्याला ती वस्तू बाटलीएवढी आहे का टाकीएवढी काहीच कळत नाही. आधी लांबूनचा फोटो काढा ज्यात विजेचा खांब, विहीर, शेड, असं काहीतरी ओळखीचं येईल. मग जागेवरूनच झूम करून. जमलं तर चारही बाजूंनी, अंतर राखून. आकार मोजायला टेप घेऊन जवळ जाऊ नका, द्राक्षबागेत असेल तर दोन खांबांमधलं अंतर तुम्हाला पाठ असतंच, त्यावरून काढता येतं, नाहीतर ट्रॅक्टरचं चाक, पाण्याचा पाइप, काहीही चालेल जे फोटोत आपसूक येतंय. जमिनीत खड्डा झालाय का, आजूबाजूचं गवत जळलंय का, फांद्या कुठल्या बाजूला मोडल्यात हेही घ्या, कारण वस्तू उचलून नेली की हे सगळं जातं आणि ती कुठल्या दिशेने आली हे त्यावरूनच कळतं. मोबाईलवर मॅप उघडून लोकेशनचा स्क्रीनशॉट घ्या. फोटो दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सॅप त्यातली वेळ आणि जागेची माहिती काढून टाकतं, म्हणून मूळ फोटो मोबाईलमध्ये जसाच्या तसा ठेवा, डिलीट करू नका, त्याच्यावर बाण-बिण काढत बसू नका.

एक सूचना मात्र आहे. देवळाली कॅम्प, ओझर, गांधीनगर अशा कुंपणाजवळ असाल तर कॅमेरा कुंपणाच्या आत फिरवू नका. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट अजून जिवंत आहे आणि तबकडी दाखवायच्या नादात तुम्हीच आत जाल.

फोटोनंतर कागद. हाताने लिहा. तारीख, घड्याळातली वेळ, पहिल्यांदा कोणी बघितलं, आकाशात काही दिसलं का, कुठून कुठे गेलं, किती सेकंद, आवाज उजेडाच्या आधी आला का नंतर. आवाजाचं नाशिकला जरा जपूनच लिहा, कारण लढाऊ विमानाने आवाजाचा वेग ओलांडला की धडाम होतं, खिडक्या वाजतात आणि विमान कुठेच दिसत नाही. दोन-तीन जणांनी बघितलं असेल तर प्रत्येकाला वेगळं लिहायला सांगा, एकत्र बसून नको. एकत्र बसलं की जो मोठ्याने बोलतो त्याचीच तबकडी सगळ्यांना दिसायला लागते, आमच्या ओट्यावर तेच झालं.

या लिहून ठेवण्यावर मी एवढा जोर का देतोय ते रॉसवेलच्या गोष्टीवरून कळेल. सगळ्या जगाला माहीत असलेली तबकडीची केस, १९४७, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको. मॅक ब्रेझल नावाचा माणूस, दुसऱ्याच्या रँचवर देखरेख करणारा, म्हणजे आपल्या भाषेत मळ्यावरचा सालदारच म्हणा. त्याला जूनच्या मध्याला रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा कागद, काड्या, चिकटपट्टी असं पसरलेलं दिसलं. कामाच्या गडबडीत त्याने लक्ष दिलं नाही. जुलैच्या सुरुवातीला जाऊन गोळा केलं, गुंडाळून ठेवलं, आणि मग तालुक्याला गेला तेव्हा शेरीफला सांगितलं. शेरीफने आर्मीच्या विमानतळाला कळवलं, तिथून मेजर जेसी मार्सेल आला आणि माल घेऊन गेला. ८ जुलैला विमानतळाने स्वतःच पत्रक काढलं की आम्हाला फ्लाइंग डिस्क सापडली, आणि लगेच वरच्या अधिकाऱ्यांनी फिरवलं की नाही, हवामानाचा फुगा आहे. पुढे १९९४ ला अमेरिकन एअरफोर्सने अहवाल काढला की तो प्रोजेक्ट मोगलचा फुगा होता, रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज वरच्या हवेत ऐकण्यासाठी सोडलेली गुप्त फुग्यांची माळ.

म्हणजे लपवलं होतं हे खरं, पण लपवलं ते परग्रहवासी नाही, स्वतःचं हेरगिरीचं यंत्र. आणि सापडल्यापासून सांगेपर्यंत तीनेक आठवडे गेले, वस्तू जागेवरून हलवली, जागेवरचा एकही फोटो नाही, म्हणून आज पाऊणशे वर्षांनंतरही लोक भांडतात. ब्रेझलकडे त्याच दिवशीचा एक फोटो आणि लिहिलेला एक कागद असता तर भांडायला जागा बरीच कमी राहिली असती.

आता फोन कोणाला. थेट कॅम्पच्या गेटवर जाऊ नका, तिथला जवान तुम्हाला पोलिसांकडेच पाठवणार. ११२ लावा, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. गावात असाल तर पोलीस पाटलांना आधी सांगा, ते पोलिस स्टेशनला कळवतात आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं. फोनवर तबकडी, यूएफओ, एलियन हे शब्द अजिबात वापरू नका, समोरचा हसेल आणि तुमचा फोन शेवटून पहिला जाईल. साधं सांगा, अमुक गावच्या शिवारात, अमुक गटात, आकाशातून पडलेली अनोळखी धातूची वस्तू आहे, स्फोटक असू शकते, आम्ही लांब उभे आहोत, हात लावलेला नाही. स्फोटक असू शकते हे तीन शब्द ऐकले की यंत्रणा हलते. फोन केल्याची वेळ आणि ज्याने उचलला त्याचं नाव त्याच कागदावर लिहा.

पोलिस येईपर्यंत गर्दी आवरणं हे तुमचं काम, आणि हेच सगळ्यात अवघड. सुतळी, ठिबकची जुनी नळी, काहीही आडवं बांधा. आमच्या मामाच्या बागेत वरून पडलेल्या डब्याने एक पानसुद्धा तोडलं नव्हतं, पण बघायला आलेल्यांनी दोन ओळींमधले साखर भरायला आलेले घड खांद्याने घासून टाकले. आणि द्राक्षाला एकदा हात लागला, वरची लव गेली, की व्यापारी काय भाव करतो ते बागवाल्यांना सांगायला नको.

पुढचं तुमच्या हातात नसतं, पण काय काय होतं ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. आधी ठाण्याचे पोलिस येतात, जागा घेरतात. मग बॉम्ब शोधक आणि नाशक पथक, त्यांचं कुत्रं. तोफगोळा वाटला तर आर्मीला बोलावतात, विमानाचा भाग वाटला तर एअरफोर्सवाले येतात आणि त्यांची स्वतःची चौकशी बसते, तिला कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात, ती बंद दाराआड असते. कधीकधी कोणी हातात छोटं मीटर घेऊन वस्तूभोवती फिरताना दिसेल, ते रेडिएशन मोजायचं. त्याला कारण आहे. २४ जानेवारी १९७८ ला रशियाचा कॉसमॉस ९५४ हा सॅटेलाईट कॅनडाच्या बर्फात पडला, त्याच्यात अणुभट्टी होती, आणि अमेरिका-कॅनडाच्या पथकांना कित्येक महिने बर्फातून किरणोत्सारी तुकडे वेचत फिरावं लागलं. तेव्हापासून आकाशातून पडलेल्या वस्तूला आधी मीटर लावून बघणं हा शहाणपणा झालाय.

मग पंचनामा. पंच म्हणून तुम्हालाच सही करायला सांगतील, वाचल्याशिवाय करू नका. वस्तूचं वर्णन, माप, गट नंबर, वेळ बरोबर लिहिलंय का बघा, अनोळखी धातूची वस्तू असं असेल तर ठीक, पण नुसतं भंगार असं लिहिलं असेल तर नम्रपणे वर्णन घालायला सांगा. साहेब, एवढं माप घालता का, असं म्हटलं की बहुतेक जण घालतात, आवाज चढवला की कोणीच घालत नाही. पंचनाम्याची प्रत मागा, लगेच मिळाली नाही तर निदान स्टेशन डायरीचा नंबर आणि तारीख घ्या. मोबाईल जमा करा म्हणाले तर तेही पंचनाम्यात लिहून घ्या, आणि त्याच्या आधी फोटो घरच्या कोणाकडे तरी डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले असू द्या, तसे पाठवले की मूळ माहिती टिकते.

वस्तू गेल्यावर तिचं काय होतं? आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आकाशात जळत्या रेघा बघितल्या, नाशिकमधूनही त्या दिवशी व्हिडिओ फिरत होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला साधारण तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली, आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळे सापडले. पोलिसांनी सगळं ठाण्यात आणून ठेवलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा त्याच वेळी परत वातावरणात येणार होता, त्याच्याशी ते जुळत होतं. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये आणंद-खेड्याकडे असेच गोळे पडले. हे गोळे म्हणजे रॉकेटमधल्या गॅसच्या टाक्या. बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात आणि टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात, म्हणून बाकी रॉकेट जळून जातं आणि हा गोळा शाबूत खाली येतो. काहींवर काळ्या दोऱ्यासारखं गुंडाळलेलं असतं, ते कार्बन फायबर, त्यालाच लोक परग्रहावरचं विणकाम समजतात.

ओळख पटवायची पद्धत एवढी गूढ नाही जेवढी वाटते. कुठला देश, कुठलं रॉकेट, कधी सोडलं, कुठल्या कक्षेत होतं, कधी खाली येणार, याचा हिशोब सतत चालू असतो, इस्रोचंही बंगळुरूला त्यासाठी वेगळं केंद्र आहे, त्याला आयएस४ओएम म्हणतात. तुम्ही लिहिलेली वेळ आणि दिशा त्या हिशोबाशी लावून बघतात, म्हणून ती मिनिटासकट पाहिजे. मग वस्तूवरचे नंबर, वेल्डिंग, बोल्ट, मिश्रधातू. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर माणसापेक्षा उंच असा सिलेंडर वाहून आला, तिथल्या लोकांनी काय काय नावं ठेवली त्याला, आणि दोन-अडीच आठवड्यांत तिथल्या अंतराळ संस्थेने सांगितलं की तो आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा आहे. म्हणजे त्यांच्याकडची उडती तबकडी श्रीहरिकोट्याहून गेली होती! मार्च २०२४ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून साताठशे ग्रॅमचा धातूचा तुकडा आत आला, नासाने नेला, तपासला, कबूल केलं की आमच्या अंतराळ स्थानकाच्या जुन्या बॅटऱ्या बसवायच्या सांगाड्याचा भाग. केनियात डिसेंबर २०२४ च्या शेवटी अडीच मीटरची आणि पाचशे किलोची रिंग गावात पडली. अशी यादी वाढतच जाणार आहे, वर गर्दी किती झालीय बघा.

तबकडीचाच तुकडा म्हणून जपून ठेवलेले नमुनेही तपासले गेलेत. अमेरिकन संरक्षण खात्यात २०२२ पासून असल्या अनोळखी वस्तूंचा तपास करणारं आरो नावाचं ऑफिस आहे, त्यांनी १९४७ च्या तबकडीचा म्हणून सांगितला जाणारा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक तुकडा ओक रिज प्रयोगशाळेकडून तपासून घेतला, धातूतल्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण बघितलं, ते पृथ्वीवरचंच निघालं. समस्थानिक ही खरी कसोटी, कारण दुसऱ्या सूर्यमालेतला धातू असेल तर हे प्रमाण वेगळं यायला पाहिजे. बाकी चमकतं, वाकत नाही, जळत नाही, असल्या घरगुती परीक्षांना काही अर्थ नाही. गॅसवर धरून बघणारे तर महान.

त्याआधी त्यांच्या एअरफोर्सने १९५२ ते १९६९ तबकड्यांच्या तक्रारी तपासायला प्रोजेक्ट ब्लू बुक चालवलं, १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ ची ओळख पटली नाही. तबकडीवाले ७०१ धरून बसतात, मी उरलेल्या जवळजवळ बारा हजारांकडे बघतो. आणि आपली आर्मी यात मागे नाही, २०१२-१३ मध्ये लडाखला जवानांनी महिनोन्महिने आकाशात उजेडाच्या वस्तू नोंदवल्या, चीनचे ड्रोन असतील म्हणून, शेवटी खगोलशास्त्रज्ञांना बोलावलं तर गुरू आणि शुक्र निघाले. हसू नका, थंडीत त्या उंचीवर तारे वेगळेच दिसतात, आणि त्यांनी तारीख-वेळ नीट लिहिली होती म्हणूनच तर उत्तर सापडलं.

आता नाशिकच्या शिवारात सापडलेलं काय असू शकतं याचा माझा अंदाज. पांढरा हलका डबा, छत्री, रबर, तर हवामान खात्याचं रेडिओसाँड, म्हणजे फुग्याला बांधून सोडलेलं वरच्या हवेची मोजमापं घेणारं यंत्र. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला देशभरातून फुगे सोडतात, मुंबईहूनही सोडतात, फुगा तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटतो आणि डबा खाली येतो, हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून जोरात असतं त्यामुळे आपल्या बाजूला यायला काही अडचण नाही. मोठं अवजड यंत्र आणि प्रचंड पातळ प्लास्टिक असेल तर टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून सोडलेल्या फुग्याचं असू शकतं, ते फुगे सोलापूरच्या पट्ट्यापर्यंत वाहतात, आणि डिसेंबर २०२२ ला तेलंगणात विकाराबादच्या शेतात त्यांच्या फुग्याखालची एका स्पॅनिश कंपनीची अंड्यासारखी भली मोठी कुपी उतरली तेव्हा गावाने तबकडीच ठरवली होती. तसल्या यंत्रावर पत्ता आणि नंबर लिहिलेला असतो, लांबून झूम करून वाचा.

काळा जड दगड, वर जळल्यासारखं पातळ साल, लोहचुंबक चिकटतं, तर उल्का असू शकते. ही वेगळी लाइन आहे, इथे मिलिटरी नाही तर जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. नागपूरजवळ काटोलला २२ मे २०१२ ला अशा दगडांचा पाऊसच पडला होता. उल्का पाण्याने धुवू नका, स्वच्छ पिशवीत ठेवा, शेंदूर लावून नारळ फोडलात तर शास्त्रज्ञ रडतील. आणि रात्री आकाशात ओळीने चालणारे दिवे दिसले आणि खाली काहीच पडलं नाही, तर ते स्टारलिंक, इंटरनेटचे सॅटेलाईट, झोपा.

वस्तू विकू नका. अंतराळातून पडलेल्या वस्तूची मालकी ज्या देशाने ती सोडली त्याचीच राहते, १९६७ च्या अंतराळ करारात तसं आहे, १९६८ च्या करारात ती परत करायची पद्धत आहे, आणि भारत दोन्हींत सामील आहे. तुकडा भंगारवाल्याला दिलात तर तुमच्यावर आणि त्याच्यावर दोघांवर निस्तरायची पाळी येईल.

नुकसान झालं असेल तर मात्र गप्प बसू नका. १९७२ चा एक करार आहे, त्याप्रमाणे जमिनीवर नुकसान झालं तर वस्तू सोडणारा देश भरपाई द्यायला बांधील असतो, चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण तो दावा सरकार सरकारकडे करतं, तुम्ही थेट बीजिंगला अर्ज करू शकत नाही, आणि मुदत एक वर्षाची आहे. कॅनडाने त्या कॉसमॉससाठी साठ लाख डॉलर मागितले, १९८१ ला तीस लाख मिळाले. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की पोलिसांचा पंचनामा वेगळा आणि तलाठ्याचा पीक-नुकसानीचा पंचनामा वेगळा, दुसरा कोणी आपणहून करत नाही, तो अर्ज देऊन त्याच आठवड्यात करून घ्या, सातबाऱ्याची प्रत जोडा, पोच घ्या.

पुढे काय झालं हे विचारायचं असेल तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये फी, तीस दिवस. आर्मी कलम ८ दाखवून सुरक्षेच्या कारणाने नाही म्हणू शकते, संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ तर कायद्यातच वगळलेली आहे, पण इस्रो वगळलेली नाही, म्हणून वस्तू इस्रोकडे गेली असेल तर अर्ज तिकडेच करा. आणि ही वस्तू काय आहे असा प्रश्न विचारू नका, अमुक तारखेला अमुक ठाण्याकडून आलेल्या वस्तूच्या तपासणी अहवालाची प्रत द्या असं कागद मागा, मत विचारलं की उत्तर मिळत नाही.

मामाच्या डब्याचं म्हणाल तर पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवलं, एक हवालदार आले, त्यांनी डबा उलटा केला तर खाली हवामान खात्याचा छापील कागद चिकटवलेला होता, जो इतका वेळ ओट्यावर बसलेल्या चाळीस जणांपैकी एकानेही वाचला नव्हता. बॅटरी मामेभावाने खिशातून काढून दिली, खाली मान घालून. मामाकडे आता त्यातलं काही नाही, फक्त एक्स्पोर्टसाठी ठेवतात ती फवारणीची डायरी आहे, तिच्यात त्या तारखेला त्याने पेन्सिलने लिहून ठेवलंय: सकाळी ६.५०, सातवी ओळ, विहिरीकडून अकरावा खांब, पांढरा डबा, छत्रीसकट, वास नाही, झाडाला इजा नाही. आणि खालच्या ओळीत, भुरी, गंधक ८० टक्के, गर्दीमुळे फवारा उद्यावर.